मामंजींसाठी मऊ ब्रेड: सुपरमार्केटचा स्वस्त ब्रेड दुसऱ्या दिवशीच कडक का होतो?

सुनंदा_कळंबा

नमस्कार. ब्रेडबद्दल विचारायचं आहे. विषय किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात रोज सकाळी साडेसहाला हाच प्रश्न उभा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणतो, ८३ वर्षांचे आहेत. सगळी नोकरी इथं कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये झाली. तोंडात एक दात नाही. कवळी आहे, पण खालच्या हिरडीला फोड आल्यापासून ती वाटीत पाण्यातच असते. सकाळी गरम दुधात दोन स्लाइस, चार वाजता चहात एक, आणि रात्री भात नको वाटला तर परत दोन. दूध-भाकरी कुस्करून दिली तर खातात, पण सकाळी त्यांना ब्रेडच लागतो. रात्रपाळी सुटली की येताना बेकरीतनं ब्रेड घेऊन यायचे, कागदातनं हाताला गरम लागायचा म्हणतात. ती सवय आहे.

गल्लीत बेकरी होती तोवर काही अडचण नव्हती, रोज सकाळी ताजा मिळायचा. ती गेल्या दिवाळीत बंद झाली. आता दोन किलोमीटरवरच्या सुपरमार्केटातनं आणते. तिथं त्यांच्या स्वतःच्या नावाचा ४०० ग्रॅमचा पांढरा ब्रेड ३२ रुपयांना आहे, शेजारच्याच फळीवर मोठ्या कंपनीचा ५० ला. घरात मुलांचं धरून आठवड्याला तीन पाकिटं लागतात, म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर फरक. यांची शिरोलीच्या फाउंड्रीत नोकरी, मी घरी शाळेचे गणवेश शिवते. जून-जुलै म्हणजे माझा हंगाम, मशीनवरनं उठायला होत नाही, म्हणून ब्रेडला गुरुवारी आणि रविवारी असं दोनदाच जाते.

अडचण ही, की हा ब्रेड आणला त्या दिवशी छान मऊ असतो आणि दुसऱ्या दिवशी हातात घेतला तर दुसराच वाटतो. आपल्या ठेवण्यात चूक आहे का हे बघावं म्हणून मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन आठवडे लिहून ठेवलं.

पहिल्या आठवड्यात पाकिटाला रबर लावून फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्लाइस वाकवली की मधोमध तुटायची. दुधात टाकली तर कडा भिजून गळायच्या आणि मधला भाग चोथ्यासारखा राहायचा. मामंजी तो जिभेनं टाळूला लावून बघतात आणि हळूच वाटीच्या काठाला काढून ठेवतात. बोलत काही नाहीत. मला ते बघवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात फ्रिजच्या बाहेर, सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. दोन दिवस बरा होता. तिसऱ्या दिवशी कडा सुकल्या, चौथ्या दिवशी तळाला हिरवट ठिपका. आमच्याकडं सध्या कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, भिंतीला ओल आहे, तिथं ब्रेडची काय कथा.

तिसऱ्या आठवड्यात पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात. सुकला अजिबात नाही, पण कडक मात्र झालाच, आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढल्यावर कुबट वास आला. सगळा टाकला.

मध्ये एकदा ५० चा आणून मुद्दाम बाहेरच ठेवला. चौथ्या दिवशीसुद्धा स्लाइस वाकत होती.

तर मला एवढं सांगा. स्वस्त ब्रेडमध्ये काही कमी घालतात का, की महागात काही जास्त घालतात? ते जास्तीचं म्हाताऱ्या माणसाला चालतं का? आणि ३२ चाच ब्रेड तीन-चार दिवस मऊ ठेवायची काही रीत आहे का?

पाटील_उद्यमनगर

वहिनी, ब्रेड हवेनं कडक होतो. हवा लागू दिली नाही की झालं. घट्ट डबा घ्या, आत हवा राहू देऊ नका. आणि माझं मत विचाराल तर या वयात मैदा कशाला? नाचणीची आंबील द्या. माझ्या आईला आम्ही तीन वर्षं तीच दिली, पोटही साफ राहायचं.

सुनंदा_कळंबा

दादा, आंबील रात्री देतेच, ती त्यांना आवडते. पण सकाळचा ब्रेड त्यांचा त्यांनी मागितलेला असतो. दिवसभरात स्वतःहून मागून खातात अशी ती एकच गोष्ट राहिली आहे, ती काढून घ्यायचं माझ्या मनाला येत नाही.

आणि हवेचं म्हणाल तर तिसऱ्या आठवड्यात डबा घट्टच होता. ब्रेड सुकला नव्हता, हाताला गार-ओलसर लागत होता. तरी कडक. तिथंच माझं डोकं चालेनासं झालंय.

भट्टीवाले_लक्ष्मीपुरी

ताई, तुम्ही वहीत लिहून ठेवलंत हे लई चांगलं केलंत. माझी ३४ वर्षं बेकरीत गेली, आता मुलगा बघतो, मी गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाईक नुसतं "तुमचा ब्रेड कडक" म्हणून निघून जातं. कुठं ठेवला, किती दिवस ठेवला हे कुणी सांगत नाही.

पाटीलसाहेबांचं अर्धं बरोबर आहे. हवेनं ब्रेड सुकतो. पण सुकणं निराळं आणि शिळा होणं निराळं. तुमच्या डब्यातला ब्रेड सुकला नव्हता, शिळा झाला होता. पाणी आतच होतं.

मैद्यातला स्टार्च भट्टीत पाणी पिऊन फुगतो, म्हणून आतला गाभा मऊ होतो. ब्रेड गार व्हायला लागला की तोच स्टार्च परत आवळायला लागतो. रात्रीचा भात सकाळी कसा टणक होतो, तो काय वाळलेला असतो का? झाकून ठेवलेला असतो. तसंच हे. हे आवळणं भट्टीतनं बाहेर काढल्यापासनंच चालू होतं, कुणाला थांबवता येत नाही. फक्त वेग कमी-जास्त होतो.

आणि हा वेग सगळ्यात जास्त कुठं असतो, तर फ्रिजच्या खणात. चार-पाच अंशाला. तुम्ही पहिल्या आठवड्यात ठेवलात तिथंच. फ्रिजमध्ये बुरशी लांबते, पण कडकपणा धावत येतो. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगतो, ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. निम्म्या जणींना वाटतं, म्हातारा आपला माल लवकर संपावा म्हणून सांगतोय.

आता स्वस्त-महागाचं. मऊपणा ठेवायला ब्रेडमध्ये तूप किंवा तेल लागतं, साखर लागते, आणि इम्प्रूव्हर नावाची पावडर लागते. तिच्यात स्टार्चला आवळू न देणाऱ्या गोष्टी असतात. १८ रुपये कमी करायचे तर हात तिथंच आखडतो. मैदा, यीस्ट, मीठ, पाणी तर सोडता येत नाही. म्हणून स्वस्त ब्रेड वाईट असतो असं नव्हे. आमच्या वडिलांच्या वेळचा ब्रेड असाच होता, मैदा-यीस्ट-मीठ आणि थोडी साखर. तो सकाळी आणायचा आणि संध्याकाळपर्यंत संपवायचा. कुणी चार दिवस ठेवतच नव्हतं, म्हणून तक्रारही नव्हती.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. ब्रेडचं वय तुम्ही उचलल्या दिवसापासनं मोजता, ते चूक. भट्टीतनं निघाल्यापासनं मोजा. निघाला की दोन-तीन तास गार व्हायला ठेवावा लागतो, गरम ब्रेड सुरीखाली चिरडतो. घाई करून कोमट असतानाच पाकिटात भरला की आत वाफ धरते, पाकिटाला आतनं दव येतं, आणि बुरशीला तेच पाहिजे असतं. मग गाडीत, मग गोदामात, मग तुमच्या दुकानात. स्वतःच्या नावाचा ब्रेड सुपरमार्केट काही आपल्या दुकानात भाजत नसतं, दुसऱ्या कारखान्याकडनं करून घेतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात करणाऱ्याचा पत्ता असतो, तो वाचा. आपल्या आसपासचा, सांगली-इचलकरंजीकडचा असला तर तो बहुतेक रातोरात येतो. पुण्याकडचा असला तर २३० किलोमीटर यायला आणि गोदामातनं फिरून फळीवर लागायला वेळ जातो. तुम्ही गुरुवारी आणला म्हणता, तो बुधवारी पहाटेचा असू शकतो. मग तुमचा पहिला दिवस हा त्याचा दुसरा दिवस झाला.

फळीवर पुढं असतं ते जुनं आणि मागं असतं ते नवं. मागचं घ्या. पाकीट दाबून बघू नका. दाबून कळत नाही, गारठलेल्या दुकानात सगळेच ब्रेड सारखे लागतात आणि उन्हाळ्यात शिळासुद्धा मऊ लागतो. पॅकिंगची तारीख बघा आणि पाकीट उजेडाला धरून आत दव आहे का ते बघा. दव असेल तर या दिवसांत उचलूच नका.

आणि दुकानदाराला विचारा, गाडी कुठल्या वारी येते. तुम्ही जाता रविवारी आणि गाडी येत असेल सोमवारी, तर तुम्ही दर वेळी आठवड्यातला सगळ्यात जुना ब्रेड घरी आणताय.

सुनंदा_कळंबा

काका, भाताचं सांगितलंत आणि लख्ख कळलं. रात्रीचा भात मी सकाळी फोडणी देताना पाण्याचा हात मारून वाफ काढते, तो परत मऊ होतो. तसं ब्रेडचं होतं का?

भट्टीवाले_लक्ष्मीपुरी

होतं. इडलीपात्रात पाणी उकळून, चाळणीत स्लाइस ठेवून मिनिटभर वाफ. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर झाकणाचं पाणी ठिबकून ब्रेडचा लगदा होतो. पण लगेच खायला द्यायचा. गार झाला की आधीपेक्षा चिवट होतो. पूर्वी आमच्याकडं शिळा ब्रेड परत यायचा, तो आम्ही टोस्टला लावायचो, परत मऊ करून विकायची रीत आमच्यात नव्हती.

मिसळीला मात्र मी आदल्या दिवशीचाच ब्रेड द्यायचो. हॉटेलवाले स्वतः मागायचे. ताजा कटात बुडवला की वाटीतच विरघळतो, तर्रीत नुसता गाळ राहतो. एक दिवसाचा ब्रेड रस्सा पितो आणि उभा राहतो. म्हणून शिळा म्हणजे टाकाऊ असं मी म्हणणार नाही. फक्त बिनदाताच्या तोंडाला तो चालत नाही.

वैशाली_शाहूपुरी

मी फूड टेक्नॉलॉजी शिकवते. काकांनी जे सांगितलं ते आम्ही वर्गात दोन तास घेऊन सांगतो, आणि भाताचं उदाहरण मी उद्यापासून वापरणार आहे.

सुनंदाताई, तुमचा तिसऱ्या आठवड्याचा प्रयोग १८५२ मध्ये बुसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं केला होता. त्यानं ब्रेड हवाबंद ठेवला, पाणी जाऊ दिलं नाही, तरी तो शिळा झाला. पुढं त्यानं तो साधारण ६० अंशांच्या वर तापवला आणि तो परत मऊ झाला. वाफेमागचं कारण तेच. आवळलेला स्टार्च त्या उष्णतेला सैल होतो, गार झाला की परत आवळतो. दूध कोमट न देता चांगलं गरम करून त्यात ब्रेड टाकलात आणि झाकण ठेवून, खाण्याजोगं होईपर्यंत थांबलात, तर निम्मं काम दूधच करेल.

आता "जास्तीचं काय घालतात" याबद्दल. पाकिटावरची घटकांची यादी वाचायला शिका, ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिलं नाव मैद्याचं असेल. शेवटी आकडे दिसतील. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, ते बुरशी लांबवतं, मऊपणाशी त्याचा संबंध नाही. ४७१, ४८१ किंवा ४७२ई दिसले तर ते इमल्सिफायर, म्हणजे स्टार्चला आवळू न देणारे. ११०० किंवा एन्झाइम असं लिहिलं असेल तर ते बहुतेक अमायलेझ असतं, ते भट्टीतच स्टार्चचे थोडे तुकडे करून ठेवतं, म्हणून ब्रेड दिवसेंदिवस वाकत राहतो. तुमच्या ५० रुपयांच्या पाकिटावर यातली दोन-तीन नावं असतील आणि ३२ च्यावर कदाचित फक्त २८२. दोन्ही समोर ठेवून वाचा. हे सगळे घटक ठरवून दिलेल्या प्रमाणात वापरायला आपल्याकडं परवानगी आहे, मामंजींना त्यांनी अपाय होईल अशी भीती बाळगू नका.

एकाबद्दल खरोखर काळजी होती, ते पोटॅशियम ब्रोमेट. ब्रेड चांगला फुगावा म्हणून ते पिठात घालायचे, आणि त्यानं कर्करोग होऊ शकतो अशी शंका होती. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं ब्रेड, पाव, बन असे ३८ नमुने तपासले आणि त्यातल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ब्रोमेटवर बंदी घातली. तेव्हा माझी आई पण ब्रेड बंद करा म्हणून मागं लागली होती. ती भीती बऱ्याच लोकांच्या मनात अजून आहे आणि ती उगाच आलेली नाही, म्हणून हे लिहिलं.

बुरशीचं मात्र कडक पाळा. ठिपका दिसला की तेवढाच भाग खुडून बाकीचा द्यायचा नाही. वर रंग दिसायच्या आधी तिचे तंतू आत पसरलेले असतात. आणि दमट उकाड्यात आणखी एक प्रकार होतो. ब्रेडला पिकून उतरलेल्या अननसासारखा वास येतो आणि आतला गाभा चिकट होऊन तार सुटते. ती बुरशी नव्हे, भट्टीतूनही वाचणारे जिवाणू असतात. बुरशीसारखा ठिपका दिसत नाही, आधी वासावरनंच कळतं. तुमच्या नाकाला शंका आली की फेका.

सुनंदा_कळंबा

मॅडम, दोन्ही पाकिटं घेऊन बसले. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. ३२ च्यावर मैदा, साखर, यीस्ट, मीठ, तेल आणि २८२. ५० च्यावर त्याशिवाय ४७१, ४८१ आणि एन्झाइम. मी इतके दिवस समजत होते की स्वस्तात पावडरी जास्त असतात. उलटंच आहे.

करणाऱ्याचा पत्ता पण वाचला. पुण्याच्या पुढचा आहे. काका, गाडी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी येते, काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. म्हणजे रविवारी मी शुक्रवारचा घेत होते आणि गुरुवारी बुधवारचा.

बावड्याचा_पोरगा_लेस्टर

वहिनी, मूळचा कसबा बावड्याचा, आता इंग्लंडात लेस्टरला वृद्धांच्या केअर होममध्ये काम करतो. पहिली दोन वर्षं मी पण सगळ्यात स्वस्त ब्रेडवरच काढली. इथं सुपरमार्केटचा स्वतःच्या नावाचा ८०० ग्रॅमचा ब्रेड सगळ्यात खालच्या फळीवर असतो. एकट्या माणसाला तो आठवडाभर पुरतो, पण चौथ्या दिवसानंतर खाववत नाही.

इथले लोक आणल्या दिवशीच निम्मा ब्रेड फ्रीझरमध्ये टाकतात. फ्रिजच्या खणात नव्हे, वर बर्फाच्या कप्प्यात. पाणीच गोठलं की स्टार्चचं आवळणं जवळपास थांबतं. हवी तेवढी स्लाइस काढायची, बाकीचा तसाच. मी बावड्याला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बर्फात ठेवलेला ब्रेड कोण खातंय! आता तीच तसं ठेवते.

इथला ब्रेड इतका मऊ का, तर १९६१ मध्ये चॉर्लीवूड नावाच्या गावातल्या संशोधन संस्थेनं एक पद्धत काढली. पीठ तासन्‌तास मुरवायच्या ऐवजी काही मिनिटं यंत्रात फार जोरानं घुसळायचं. त्यामुळे कमी प्रथिनांच्या गव्हाचाही हलका, कापसासारखा ब्रेड होतो आणि स्वस्त पडतो. इथला बहुतेक पाकिटबंद ब्रेड अजून तसाच करतात. माझ्या केअर होममधले म्हातारे मात्र म्हणतात, ह्याला चव नाही, लहानपणीचा बेकरीतला ब्रेड खरा. मामंजींसारखंच.

कामातली एक गोष्ट सांगतो, ती नक्की ऐका. ब्रेड ही गिळायला अवघड वस्तू आहे. घशात गोळा होऊन बसते. दुधात भिजवताना एकीकडं पातळ दूध आणि एकीकडं ब्रेडचा तुकडा असं वाटीत राहू देऊ नका, तोंडात दोन्ही एकदम आलं की म्हाताऱ्या माणसाला ठसका लागतो. कडा काढून टाका, चमच्यानं सगळं एकजीव करा, आणि ते ताठ बसलेले असतानाच द्या. खाताना वरचेवर खोकला येत असेल किंवा खाल्ल्यावर आवाज ओलसर, घोगरा होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

सुनंदा_कळंबा

दादा, कडा काढायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ठसका त्यांना मधूनमधून लागतो. रविवारी दवाखान्यात विचारते.

सुनंदा_कळंबा

नऊ दिवस झाले, म्हणून कळवते. ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना पुढं काय झालं ते कळायला पाहिजे.

गुरुवार-रविवार सोडून सोमवार-शुक्रवार केलं. हे कामावरनं येताना शिरोलीच्या बसमधनं उतरून घेऊन येतात, मागच्या फळीवरचं पाकीट आणि दव बघून. पहिल्या दिवशी पुढचंच घेऊन आले, परत पाठवलं.

घरी आल्याबरोबर पाकीट उघडून चार वाटे करते. माझ्या पाकिटात टोकं धरून १६ स्लाइस निघतात. आजचा वाटा बाहेर, बाकीचे तीन वेगवेगळ्या पिशव्यांत हवा दाबून काढून बर्फाच्या कप्प्यात. आमचा फ्रिज एका दाराचा जुना आहे, वर छोटा कप्पा आणि त्यात सदा बर्फ साचलेला. पहिल्यांदा ठेवला तेव्हा पिशवी बर्फाला चिकटली आणि सोडवताना फाटली, एका स्लाइसला पांढरी खर धरली. आता कप्प्याला खाली जुना प्लास्टिकचा डबा लावलाय, त्यात पिशव्या उभ्या.

सकाळी सहाला दोन स्लाइस काढते. गोठलेल्याच, आधी बाहेर ठेवायची गरज नाही. कडा कापते (त्या वाळवून ठेवते, पॅटिसला लागतात), चाळणीत ठेवून झाकणाला फडकं बांधून दीड मिनिट वाफ. एक मिनिटाला मध्ये गार राहतो, दोन मिनिटांना कडेनं गळतो. दीडच. मग उकळलेल्या दुधात घालून वर ताटली, पाच मिनिटांनी चमच्यानं घोटते.

शनिवारी दुपारी तीन तास वीज गेली होती. कप्प्यातला ब्रेड सैल पडला. तो परत गोठवला नाही, मुलांना त्याच दिवशी तव्यावर तूप लावून भाजून दिला.

दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी पाणी पिताना बघितलं, हनुवटी किंचित खाली घेऊन गिळायला सांगितलं आणि घाई करू नका म्हणाले. हिरडीचा फोड बरा होतोय, पंधरा दिवसांनी कवळी परत बसवून बघायची आहे.

आणि मामंजी. पहिल्या दिवशी वाटी पुढं ठेवली आणि मी मशीनवर जाऊन बसले, बघत बसले तर ते अवघडतात म्हणून. थोड्या वेळानं वाटी बघायला गेले. काठाला काही काढून ठेवलेलं नव्हतं. आज नववा दिवस, नऊच्या नऊ दिवस वाटी स्वच्छ आहे. काल म्हणाले, "बेकरी चालू झाली का गं परत?"

मी त्यांना खरं सांगितलं, की पाकिटातलाच आहे, वाफ दिली. मग काकांचं सांगितलं, लक्ष्मीपुरीत अजून भट्टी चालते म्हणून. त्यावर बराच वेळ बोलत होते. रात्रपाळी सुटल्यावर तिघं-चौघं मिळून जायचे, एक ब्रेड चौघांत, भट्टीच्या दारातच उभ्यानं खायचे, थंडीत पाठ शेकून घ्यायचे. वीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं.

काका, तुमचं दुकान सकाळी किती वाजता उघडतं? मामंजींना रिक्षानं घेऊन यायचं म्हणते. त्यांना भट्टी बघायची आहे.

भट्टीवाले_लक्ष्मीपुरी

ताई, दुकान सहाला उघडतं, पण भट्टी पहाटे चारपासनं चालू असते. आता लाकडाची राहिली नाही, ओव्हन आहे, हे त्यांना आधी सांगून ठेवा. पहिला घाणा साडेपाचला निघतो. पाऊस कमी असेल त्या दिवशी आणा, आमच्या दारात पाणी साचतं. मागच्या दारानं या, तिथं पायरी नाही. ओव्हनजवळ खुर्ची टाकून ठेवतो, पाठ शेकेल.

दूध घरनं आणू नका, इथं तापवतो.